सोड म्हटल्यावर

सत्काराला गेलं की आधी शाल, मग नारळ आणि मग माईक. मी भारताकडून रग्बी खेळते, सात-सात जणींची, जिला सेव्हन्स म्हणतात ती. हा खेळ आमच्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे खेळाबद्दल कुणी काही विचारत नाही. कोयनानगरची पोर यात गेली कशी, एवढंच लोकांना ऐकायचं असतं. मी सांगते. आम्ही दोघी बहिणी शाळेत कबड्डी खेळायचो. कराडला कॉलेजात आलो, तिथं रग्बी शिकलो. मोठीची निवड भारताच्या शिबिरासाठी झाली. ऐन वेळी ती होस्टेलच्या जिन्यावरून घसरली, तिचा गुडघा गेला आणि तिच्या जागी मी गेले. इथवर आलं की पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. अध्यक्ष म्हणतात, बहिणीचं स्वप्न बहिणीनं पुरं केलं. टाळ्या पडतात आणि चहा येतो.

यातला जिना खोटा आहे. बाकी सगळं खरं आहे, पण मिठाचा एक खडा पडला की दूध नासायचं राहत नाही. टाळ्या वाजत असताना मी नेहमी नारळाकडे बघत बसते. लोकांना वाटतं, पोरगी लाजाळू आहे.

आमचे आप्पा धरणाच्या प्रकल्पात कामाला होते आणि आम्ही कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. कोयनानगरात जमीन अधूनमधून हलते. बाहेरगावचा पाहुणा असला तर तो लगेच अंगणात पळतो, आम्ही मात्र आधी फळीवरच्या डब्यांकडे बघतो. डबे नुसते वाजले तर हातातला चहा पुरा करायचा. डबे सरकले तर बाहेर पडायचं. बाहेर पडायचा आईचा एक नियम होता. “जवळ जी आसंल तिचा हात धरायचा. एकटीनं पळायचं न्हाई, आन् मोकळ्यावर येईस्तवर हात सोडायचा न्हाई.” आईच्या आईनं मोठा भूकंप बघितला होता. हा नियम तिच्याकडून आलेला, त्यामुळे त्याला आमच्या घरात फाटे फुटायचे नाहीत.

एका दुपारी डबे खरंच सरकले. मी तिसरीत होते, ताई पाचवीत. दोघी वाटाणे सोलत बसलो होतो. ताईनं माझं डावं मनगट धरलं आणि असं ओढलं की तिच्या हातातली काचेची बांगडी फुटून माझ्या मनगटात शिरली. मी बोंब मारली, “ताई, सोड!” तिनं सोडलं नाही. हापशापाशी मोकळ्यावर आल्यावरच सोडलं. तोवर हादरा केव्हाच थांबला होता आणि माझं मनगट मात्र वाहत होतं. आईनं हळद दाबली आणि ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. जखम मला आणि शाबासकी तिला, याचा मला तेव्हा फार राग आला होता. तो वण अजून आहे.

शाळेत कबड्डीच्या सरांनी आम्हा दोघींना शेजारी उभं केलं. डाव्या कोपऱ्यात ताई, तिच्या उजवीकडे मी. समोरची चढाईला आली की बचाव करणाऱ्या मुली एकमेकींचे हात धरून उभ्या राहतात, त्याला साखळी म्हणतात. ताईचा उजवा हात आणि माझा डावा, ही आमची साखळी. कुणी कधी हलायचं हे बोलायची गरज नसायची. तिनं बोटं आवळली की मी खाली जायची आणि चढाई करणारीचा घोटा धरायची.

सर एक गोष्ट रोज घोकून घ्यायचे. “पाय हातात आला की शिट्टी वाजंस्तवर सोडायचा न्हाई. ती रडू दे, वरडू दे, सोड म्हणू दे. सोड म्हणाली तर समजा आपण जिंकलो.” यात दुष्टपणा नव्हता, खेळाचा नियमच तसा आहे. चढाईला आलेलीनं एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं असतं. तिच्या तोंडून दुसरा शब्द निघाला की दम गेला आणि ती बाद. त्यामुळे ‘सोड’ हा शब्द कानावर पडला की माझ्या अंगात आनंद भरायचा आणि बोटं आणखी आवळायची. दहा वर्षांची असल्यापासून हे माझ्या हाडात मुरलं.

ताई दोन वर्षं आधी कराडला गेली. मी गेले तेव्हा ती कबड्डी सोडून एका लांबट चेंडूच्या मागे लागलेली होती. कॉलेजातले एक सर कुठल्याशा शिबिरात रग्बी शिकून आले होते आणि त्यांनी कबड्डीच्या मुलीच गोळा केल्या होत्या, कारण पळणाऱ्या माणसाला पाडायची आम्हाला भीती नसते. संगमाजवळच्या मैदानावर सराव चालायचा. फिरायला येणारी म्हातारी माणसं थांबून बघायची. “नारळ घेऊन कुटं पळत्यात ह्या पोरी?” असं एका आजोबांनी विचारलं आणि तेव्हापासून आमच्यात चेंडूला नारळच म्हणायचे.

खेळ उलटा होता. धावायचं पुढं आणि चेंडू द्यायचा मागं. सात जणी मात्र कबड्डीसारख्याच, सात मिनिटांचे दोन डाव, आणि त्या चौदा मिनिटांत जीव नाकाशी येतो. पाडण्याचा नियम सरांनी तीन शब्दांत सांगितला होता. धरलं, पाडलं, सोडलं. समोरची जमिनीवर पडली की लगेच हात काढायचे, म्हणजे तिला चेंडू सोडता येतो आणि खेळ पुढे जातो. मला पहिले दोन शब्द यायचे. तिसऱ्याला मी अडायची. समोरची खाली पडलेली, सर शिट्टी फुंकून फुंकून लाल झालेले आणि मी तिच्या पायाला जळवेसारखी चिकटलेली. माझ्यामुळे प्रत्येक सामन्यात दोन-तीन पेनल्टी ठरलेल्या.

दुसरी खोड त्याहून हास्यास्पद होती. बचावाच्या रांगेत उभी राहिले की माझा डावा हात आपोआप शेजारणीकडे जायचा. साखळी धरायला. रग्बीत कुणी कुणाचा हात धरत नाही. मुली हसायच्या, “हिला हात द्या गं कुणीतरी.” ताई शेजारी असली की ती पळता पळता माझ्या पसरलेल्या पंज्यावर एक टपली मारायची आणि पुढे जायची. बाकीच्यांना ती गंमत वाटायची. मला त्या टपलीनं धीर यायचा.

ताई माझ्यापेक्षा चांगली खेळायची. हे मी विनयानं म्हणत नाही, विनय माझ्याकडे फारसा नाही. ती वळायची कधी ते समोरच्याला कळायचं नाही, आणि नियम तिच्या अंगात पहिल्या महिन्यात उतरले. दोघींनी निवड चाचणी दिली. सरांनी यादी आणली आणि मैदानावरच वाचून दाखवली. ताईचं नाव वर होतं. माझं यादीच्या खाली, राखीव म्हणून. म्हणजे कुणी गळालं तर मी. मुलींनी ताईला उचललं. मी स्टँडवरून पेढे आणले आणि मैदानभर वाटले. वाटताना मी स्वतः एकही खाल्ला नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिबिराला आठ दिवस उरले होते. सकाळचा सराव चालू होता, दोन्ही बाजूंना आमच्याच मुली. ताईकडे चेंडू आला आणि ती माझ्या बाजूनं सुटली. ती आत वळणार हे साऱ्या मैदानात मला एकटीला माहीत होतं. मी आधीच तिकडे वळले, खाली गेले आणि तिचे पाय मिठीत घेतले. ती पडली. इथपर्यंत सगळं नियमात होतं. एक पाय तिनं मोकळा केला, दुसरा माझ्या हातात राहिला. चेंडू मागे ठेवायला ती अंग वळवत होती. तेव्हा ती म्हणाली, “सोड.” ओरडून नाही. घरात मी तिची चादर ओढली की म्हणायची, तशा साध्या आवाजात.

मी सोडलं नाही. तेवढ्यात आमच्यातली एक दणकट मुलगी चेंडूवर झेपावली आणि दोघींच्या अंगावर आली. ताईचं अंग वळलं आणि पाय माझ्या हातात तिथंच राहिला. गुडघ्यातून आवाज आला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही.

सर धावत आले. “कबड्डीची खोड, दुसरं काय,” ते हळहळत म्हणाले. मुलीही तेच म्हणाल्या. मी माफी मागायच्या आधीच मला ती देऊन टाकली गेली होती. खोड म्हटलं की तिच्याआड बरंच काही लपवता येतं. पण कबड्डीत ‘सोड’ ऐकल्यावर मी कधी विचार करत नव्हते, आणि त्या सकाळी केला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. तो शब्द मला स्वच्छ ऐकू आला. हे रग्बी आहे, इथं सोडायचं असतं, हेही त्याच क्षणी कळलं. आणि मी धरून ठेवलं. तिचा गुडघा मोडावा असं माझ्या मनात नव्हतं, आईची शपथ. पण यादीत वर कोण आणि खाली कोण, हे त्या श्वासात माझ्या मनात होतं. एकदा तरी हिला अडवून ठेवावी, एवढंच वाटलं.

दुपारी आप्पा घाट उतरून कराडच्या दवाखान्यात आले. ताईच्या मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा बांधलेला होता. आप्पांनी विचारायच्या आत ती म्हणाली, “होस्टेलच्या जिन्यावरनं घसरले, आप्पा. फरशी वली हुती.” सरांना आणि मुलींना तिनं आधीच गप्प राहायला लावलं होतं. मी तोंड उघडलं. चादरीखालून तिनं माझा हात दाबला, कबड्डीच्या कोपऱ्यात उभी असताना दाबायची तसाच. मी तोंड मिटलं. आप्पा आयुष्यभर धरणावर देखभालीचं काम केलेला माणूस. ते उठून होस्टेलवर गेले, जिना वरपासून खालपर्यंत बघितला आणि तिथल्या बाईंना दम भरून आले. बाई चक्रावल्या. दुसऱ्या दिवशी त्या जिन्याच्या तोंडाशी पाय पुसायला पोतं आलं. शिक्षण संपेपर्यंत मी रोज त्या पोत्यावरून पाय टाकून वर गेले.

आप्पा चहा आणायला बाहेर गेल्यावर मी ताईला म्हणाले, “खरं सांगू या.”

“आन् मग? तुजंबी बंद करतील. ह्यो खेळ न्हाई, हाणामारी हाय म्हणतील. तुजं नाव राखीवमधी हाय. तू जा.”

“मी न्हाई जाणार.”

“मग माजा गुडघा फुकट गेला म्हण की,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी जाणार हे ठरल्यावर चार दिवस दोघी कोयनानगरला घरी होतो. ताई खाटेवर, पाय उशीवर. पहिल्याच दिवशी तिनं मला खाटेशी बसवलं. “असं धरून बसलीस तर तिथनं पहिल्याच दिवशी घरी लावून देतील. हात दे हिकडं.” तिनं स्वतःचं मनगट माझ्या हातात दिलं. “धर.” मी धरलं. “सोड.” मी सोडलं. “उशीर केलास. धर. सोड.” सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. कधी ती लगेच सोड म्हणायची, कधी मिनिटभर नुसती बघत राहायची आणि माझं लक्ष उडालं की म्हणायची. आई शेजारी भाजी निवडत बसायची. “ह्ये काय चालवलंय गं दोघींनी?” तिनं एकदा विचारलं. “हिला म्यानर्स शिकवतीया,” ताई म्हणाली. चौथ्या दिवशी तिचं मनगट लाल झालं होतं आणि माझी बोटं तो शब्द ऐकताच उघडत होती. तिचं मनगट धरणारा माझा हात बांगडीच्या वणाचाच, हे तिला आठवलं असेल का, असं मला तेव्हा वाटून गेलं. पण विचारायची हिंमत नव्हती.

त्या शब्दावर मी शिबिर पार केलं आणि पहिल्याच वर्षी भारताच्या संघात आले. छातीवर देशाचं नाव असलेला शर्ट हातात पडला तेव्हा मी तो पिशवीत घालून बाथरूममध्ये गेले आणि रडले. तो आनंद खोटा नव्हता. मी मेहनत केली होती, लय केली होती. पण राष्ट्रगीताला रांगेत उभी राहिले की डावा हात शेजारणीकडे सरकायचा आणि मी तो मांडीला दाबून धरायची.

दरम्यान ताईचं ऑपरेशन झालं. ती चालायला लागली, धावायला नाही. गुडघा पुरता दुमडत नाही. दोन वर्षांनी कवठे महांकाळकडचं स्थळ आलं. दाजी शाळेत शिक्षक, शांत माणूस. लग्नात ताईनं पाटावर बसताना एक पाय पुढे पसरला तेव्हा बायकांची कुजबुज झाली. “जिन्यावरनं पडली हुती,” आई प्रत्येकीला सांगत फिरली. मी ताईच्या मागे उभी होते, करवली म्हणून, हातात कलश घेऊन. अख्ख्या मांडवात खरं माहीत असलेल्या आम्ही दोघीच. आणि त्यातलंही पुरतं खरं मला एकटीला माहीत आहे, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षीच्या एका परदेशातल्या स्पर्धेत ते सगळं माझ्या हातांत उतरलं. शेवटचं मिनिट चालू होतं आणि आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. समोरची त्यांची सर्वांत वेगवान मुलगी माझ्या बाजूनं निघाली. मी खाली गेले, तिचे पाय मिठीत घेतले, ती पडली. आणि माझी बोटं उघडली. कुणी काही म्हणालं नव्हतं. ना पंच, ना ती. ती जमिनीला टेकते न टेकते तोच मी हात काढून घेतले होते. पडलेलीला धरून ठेवलेलं नसेल तर ती उठून पुन्हा धावू शकते, नियमच आहे. ती उठली आणि रेषेपलीकडे जाऊन तिनं चेंडू टेकवला. आम्ही हरलो. आमचे प्रशिक्षक पंजाबकडचे. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते माझे तळवे हातात घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, “पकड़ा था बेटा. फिर छोड़ा क्यों?”

ताईनं सामना मोबाईलवर बघितला होता. तिचा फोन आला. “लवकर सोडलंस,” एवढं बोलून तिनं ठेवून दिला.

त्यानंतर तेच होत राहिलं. धरलं की बोटांना आपोआप सुटायची घाई. आधी सोडता येत नव्हतं म्हणून नावं ठेवली जायची, आता धरवत नव्हतं. पुढच्या दोन स्पर्धांत मी बाकावर बसले. डॉक्टरांनी हात तपासले, हाताला काही झालेलं नव्हतं. प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या शिबिरात पकड दिसली नाही तर माझी जागा दुसरीला. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. राखीवमध्ये कुणीतरी असतंच, हे माझ्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत?

शिबिराला जायच्या आधी दाजींच्या शाळेनं माझा सत्कार ठेवला. मी कराडहून एसटीनं सांगलीला आणि तिथून कवठे महांकाळला गेले. कोयनेचं हिरवं मागे पडत जातं आणि हळूहळू माळ उघडे पडतात. शाळेच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लागला होता. माझा फोटो, मागे विमान आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय रब्बीपटू’. छापणाऱ्याला ‘रग्बी’ हा शब्द चुकलेला वाटला असणार, त्यानं आपल्या मनानं दुरुस्त केला. दाजी कानकोंडे झाले. ताई मात्र पोट धरून हसली. “ऱ्हाऊ द्या की. आमच्याकडं रब्बीच पिकतंय. खरिपाचं कुणाला काय गावलंय?” तिला इतकं हसताना मी फार दिवसांनी बघितलं.

सत्कार दुसऱ्या दिवशी होता. आई-आप्पाही सकाळी येणार होते. दुपारी दाजी शाळेत गेले, घरात आम्ही दोघीच. ताई ओट्याशी उभी राहून भाकऱ्या करत होती. आमच्या घरात भाकरी चुलीपुढं बसून थापायची पद्धत. तिच्या सासरी ओटा तिच्यासाठी बांधून घेतला होता. उभं राहिलं तरी तिचं वजन एकाच पायावर असतं. ती बोलत होती, ज्वारी यंदा बरी आली, असं काहीतरी. मी तिच्या गुडघ्याकडे बघत होते. आज बोलले नाही तर उद्या माईकवर पुन्हा तो जिना येईल, आणि या वेळी ती समोरच्या खुर्चीत पाय पसरून बसलेली असेल, हे मला दिसत होतं.

“ताई,” मी म्हणाले, “तू सोड म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं.”

तिनं हातातली भाकरी पुरी थापली. तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

“खोड नव्हती ती,” मी म्हणाले. “सगळं समजून धरून ठेवलं मी. तुझं नाव वर होतं म्हणून.”

“ठावं हाय मला,” ताई म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. तिनं पिठाचा हात वर करून मला थांबवलं.

“मला त्याच येळंला कळलं हुतं. तू माज्या तोंडाकडं बघितलंस, आन् मग आवळलंस. आगं, तुला ऐकू आलंच नसतं तर चार दिवस मनगट तुज्या हातात देऊन बसले असते व्हय मी? ज्याला ऐकूच येत न्हाई त्याला सोड शिकवून काय उपेग?”

मी उभ्या जागी रडायला लागले. हे इतकी वर्षं तिला माहीत होतं. पट्ट्यातला पाय उशीवर ठेवून ती मला धर-सोड शिकवत होती तेव्हा माहीत होतं, मांडवात माहीत होतं, माझ्या प्रत्येक सत्काराची चित्रफीत बघताना माहीत होतं. मी माझं ओझं एकटीनं वाहतेय असं समजून स्वतःवर रागावत होते, आणि त्याचं दुसरं टोक पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यावर होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा रागही आला. मी विचारलं, “मग बोलली का नाहीस?”

“तू कवा बोलतीस ते बघत हुते.”

“मला माफ केलंस का?”

ताईनं तव्याखालचा गॅस बारीक केला. “त्ये मला इचारू नगं,” ती म्हणाली. “काही दिवस केलेलं आसतंय. बाथरूमला जायचं म्हणलं, खाली बसता आलं न्हाई, की त्या दिवशी नसतंय. माजं मलाच अजून ठरलं न्हाई. पर उद्या ती जिन्याची गोष्ट सांगू नगंस. लय पाठ झालीया समद्यांची.”

“आप्पांसमोर?”

“आप्पांसमोरच. त्या होस्टेलच्या बाईला फुकट बोलणी बसली न्हाईत व्हय?”

मी रडता रडता हसले, आणि हसल्याचं मलाच वाईट वाटलं. ताईनं पदराला हात पुसला. परातीतून उरलेलं पीठ गोळा करायच्या ऐवजी तिनं उजवा हात माझ्यापुढं केला, मनगट वर करून.

“धर.”

मी डाव्या हातानं धरलं. बोटं सैल होती, सुटायची तयारी करूनच आलेली.

“ह्ये धरणं न्हाई. घट्ट.”

मी आवळलं. तिनं एकदा हिसका दिला, मग दुसऱ्यांदा, चांगला जोराचा. ती उभी होती त्या पायावर डगमगली, पण हात सुटला नाही. माझ्या बोटांखाली तिची नाडी लागत होती. आता ती म्हणेल, मग म्हणेल, म्हणून मी त्या शब्दाची वाट बघत राहिले. कान, बोटं, सगळं त्या एका शब्दाकडे लागलं होतं. ताई खिडकीतून बाहेरच्या माळाकडे बघत होती आणि काही बोलत नव्हती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला.

“ताई, भाकरी,” मी म्हणाले.

“मग उलट की,” ती म्हणाली. “दुसरा हात हाय न्हवं तुला?”